लिस्बनचा फ्रोंतेइरा पॅलेस : नाशिकच्या एका टाइल्सवाल्याचा रिव्ह्यू

सरळ मुद्द्यावर येतो. लिस्बनला जाणार असाल आणि हातात एकच सकाळ मोकळी असेल तर बेलेमसारख्या गर्दीच्या ठिकाणी रांगेत उभं राहण्यात ती घालवू नका, फ्रोंतेइरा पॅलेसला जा. आतल्या खोल्या चांगल्याच आहेत पण मी ज्याच्यासाठी हे एवढं लिहितोय ते बाहेर आहे, घराच्या मागची ती उघडी चौकासारखी जागा, चॅपेलसमोरची गच्ची, खालची बाग आणि तो मोठा हौद. माझ्याकडून पाचपैकी पाच, आणि का ते सविस्तर सांगतो, कारण नेटवर या जागेबद्दल "ब्युटिफुल गार्डन, मस्ट व्हिजिट" याच्यापुढे कुणी काही लिहितच नाही.

आमचं नाशिकला टाइल्स-सॅनिटरीचं दुकान आहे. वडिलांनी शहाबादी फरशी आणि कडाप्पापासून सुरू केलं, आता सगळा गुजरातमधल्या मोरबीच्या कारखान्यांचा माल. त्यामुळे कुठंही गेलो की लोक छताकडं बघतात आणि मी डॅडोकडं, म्हणजे भिंतीच्या खालच्या टाइल्सच्या पट्ट्याकडं बघतो, जोड कसे आहेत, कोपरा कसा काढलाय, कुठं पोकळ वाजतंय. धाकटा भाऊ नोकरीनिमित्त लिस्बनला असतो म्हणून आई, बायको आणि मी असे गेलो होतो. निघण्याआधी इथल्या एका टूरवाल्याला विचारलं होतं तर तो म्हणाला त्या पॅलेसला कोणी जात नाही, आमच्या लिस्टमध्ये नाही, तुम्ही सिंत्रा (लिस्बनजवळचं राजवाड्यांचं गाव) करा. सिंत्रा पण केलं, छान आहे, गर्दी भयंकर. पण फ्रोंतेइरा बघितल्यावर मला खरंच वाईट वाटलं की आपल्याकडच्या ग्रुपना हे कुणी दाखवत नाही.

आधी थोडी माहिती, कारण ती नसेल तर भिंतीवर काय चाललंय ते कळत नाही. हे घर शहराच्या कडेला बेन्फिका भागात, मोन्सांतोच्या जंगलाला लागून आहे. १६७१-७२ च्या सुमारास बांधलं, मालक दों जुआंव द मस्कारेन्हस, फ्रोंतेइराचा पहिला मार्केझ. १५८० ते १६४० पोर्तुगालवर स्पेनच्या राजांची सत्ता होती, मग १६४० ला पोर्तुगाल उठला आणि १६६८ पर्यंत लढाई चालली. या लढाईत हा माणूस सेनापती होता, आणि त्याचं बक्षीस म्हणून १६७० मध्ये त्याला मार्केझ हा किताब मिळाला. किताब मिळाल्या मिळाल्या त्यानं हे घर काढलं, तेही राहायला नाही तर शिकारीला आणि उन्हाळ्यात गारव्याला येऊन बसायला. राहतं घर गावात होतं, ते १७५५ च्या भूकंपात गेलं आणि मग सगळं कुटुंब इकडं आलं, घर वाढवलं. तेव्हापासून इथं घराण्यातली माणसं राहत आलीत, म्युझियमसारखी मेलेली जागा नाही ही, हे पुढं परत सांगणार आहे.

आता चौक. आपल्या वाड्याचा चौक म्हटलं की चारी बाजूंनी सोपे, मधे मोकळं, तुळशीवृंदावन, एका कोपऱ्यात आड. तसं इथं नाहीये. इथं उघड्या जागा एकीला एक लागून आहेत आणि वेगवेगळ्या उंचीवर. घरातून बाहेर पडलं की लांबट फरसबंद गच्ची, तिच्या टोकाला छोटं चॅपेल (ते घरापेक्षाही जुनं, १६ व्या शतकातलं). एका पातळीवर व्हीनसची बाग, आणि घराच्या दुसऱ्या अंगाला खाली चौरस कापलेल्या हिरव्या कुंपणांची मोठी बाग आणि तिच्या शेवटी हौद. पण गंमत अशी की उघड्यावर असूनही कुठंच उघड्यावर असल्यासारखं वाटत नाही, कारण प्रत्येक जागेला भिंत आहे आणि प्रत्येक भिंत भरलेली आहे. आई गच्चीवर पाय ठेवल्या ठेवल्या म्हणाली, "अरे ही तर छप्पर नसलेली खोली आहे." तेच आहे ते. दिवाणखाना बाहेर काढून ठेवलाय.

चॅपेलच्या गच्चीवर मी सगळ्यात जास्त वेळ होतो. एका बाजूला सलग भिंत, तिच्यात कोनाडे, कोनाड्यात ग्रीक-रोमन देवांचे पुतळे, आणि मधल्या जागेत निळ्या-पांढऱ्या टाइल्सची मोठमोठी चित्रं. चित्रात बायका आहेत, एकीच्या हातात वाद्य, एकीकडं मोजमापाची साधनं. या म्हणजे विद्या, त्या काळी शिकल्या-सवरल्या माणसाला ज्या यायला पाहिजेत त्या सगळ्या, व्याकरण, अंकगणित, भूमिती, संगीत, ताऱ्यांचं शास्त्र वगैरे. शिवाय काव्य. आणि कोनाड्यांच्या भोवती फळापानांच्या रंगीत माळा, त्या रंगवलेल्या नाहीत, मातीत उठावाच्या करून ग्लेज देऊन भाजलेल्या आहेत, इटलीत फ्लॉरेन्सला देल्ला रोब्बिया घराण्यानं जे काम प्रसिद्ध केलं त्या पद्धतीच्या. लिंबं, पानं, सगळं हाताला लागेल असं. (हात लावू नका, मी पण नाही लावला.)

आता जवळून काय दिसतं ते सांगतो कारण लांबून फोटो सगळेच काढतात. ही टाइल साधारण चौदा सेंटिमीटरची चौरस. म्हणजे एक बाई उभी करायची तर कित्येक तुकडे लागणार. यांची पद्धत अशी, मातीची टाइल एकदा भाजायची, तिच्यावर कथिलाच्या ऑक्साइडचं पांढरं ग्लेज द्यायचं, ते वाळलं की भुकटीसारखं बसतं, आणि त्या कच्च्या ग्लेजवर ब्रशनं कोबाल्टचा निळा रंग. मग परत भट्टी. कच्चं ग्लेज रंग लगेच पिऊन घेतं, त्यामुळे एकदा ब्रश टेकला की टेकला, पुसायची सोय नाही. सगळ्या टाइल्स आधी एकत्र मांडून चित्र काढायचं, प्रत्येकीच्या पाठीमागं खुणा-नंबर टाकायचे, सुट्या करून भाजायच्या आणि भिंतीवर त्याच क्रमानं परत लावायच्या. भट्टीत एखादी वाकडी झाली, फुटली, तर तेवढीच परत करायची आणि रंग जुळवायचा.

मी एका पदराची घडी बघत होतो, ती पाचसहा टाइल्समधून खाली येते. ब्रश वरून निघालाय, जाड, आणि खाली येता येता बारीक झालाय, आणि प्रत्येक जोडावर ती रेघ तिकडून इकडं येताना तुटलेली नाही. एका ठिकाणी मात्र रेघ केसभर सरकलीय, तिथली टाइल बाकीच्यांपेक्षा किंचित जास्त निळसर आहे, म्हणजे ती नंतर बदललेली असणार किंवा भट्टीत वेगळ्या जागी बसली असणार. आमच्याकडं आता दोन बाय चारचे स्लॅब येतात, डिजिटल प्रिंट, संगमरवराच्या एका डिझाइनचे चार-सहाच फेस (वेगवेगळे प्रिंट), मिस्त्री जरा चुकला की शेजारी शेजारी तीच शीर दोनदा दिसते आणि मग गिऱ्हाईकाचा फोन येतो. त्या मालाला मी नावं ठेवत नाही, त्यावरच घर चालतं माझं, आणि स्वच्छतेला, टिकायला उत्तम आहे. पण इथं अख्ख्या भिंतीत दोन टाइल्स सारख्या नाहीत आणि तरी भिंत एक आहे, हे बघायला मला हजारो मैल जावं लागलं.

दुसरी गोष्ट, जी फोटोत कधीच कळणार नाही. या टाइल्स नुसत्या सजावटीला नाहीत. ग्लेज असल्यानं पावसाचं पाणी भिंतीत मुरत नाही, लिस्बनचा हिवाळा पावसाळी असतो. उन्हाळ्यात पांढऱ्या ग्लेजवरून उजेड उडतो त्यामुळे सावलीतला कोपराही काळोखा वाटत नाही, आणि बाकांच्या पाठी-बैठकी टाइल्सच्या असल्यानं सावलीत बसलं की पाठीला गार लागतं. शोभा आणि काम वेगवेगळं केलेलं नाही कुठंच. आमच्या धंद्यात लोक म्हणतात हे "डेकोरेटिव्ह" आहे म्हणजे फुकटचं आहे. इथं एक दिवस उभं करायला पाहिजे सगळ्यांना.

खालची बाग आणि हौद. बागेत कापलेल्या कुंपणाचे चौकोन, मधे कारंजी, पुतळे, आणि कडेच्या बुटक्या भिंतीवर टाइल्समधे बारा महिने, राशी, शेतीची कामं. इथं आई बराच वेळ महिने ओळखत बसली होती. कापणी कुठली, द्राक्षं कुठली. नाशिकच्या माणसाला द्राक्षाच्या चित्रापुढं थांबावंच लागतं ते सोडा, पण महत्त्वाचं काय की राजाच्या थाटाच्या बागेत शेतकऱ्याचं वर्ष लावलेलं आहे, आणि बसल्यावर डोळ्याच्या उंचीला. त्यासाठी वाकावं लागत नाही की मान वर करावी लागत नाही.

हौद म्हणजे या जागेचा कळस. आयताकृती मोठा हौद, त्याच्या मागं उंच भिंत, भिंतीत कमानी, आणि एकेका कमानीत घोड्यावर बसलेला सरदार, जवळजवळ खऱ्या मापाचा, निळ्या-पांढऱ्या टाइल्समधे. घोडे मागच्या पायांवर उभे, शेपट्या उडालेल्या, सरदारांच्या डोक्यावर पिसांच्या टोप्या. हे घराण्यातले वीर मानले जातात. आता बांधणाऱ्यानं काय केलंय बघा, भिंतीच्या पायाशी जमीन ठेवलीच नाही, थेट पाणी. म्हणजे तुम्ही घोडेस्वारांच्या जवळ जाऊच शकत नाही, हौदाच्या अलीकडच्या काठावरूनच बघायचं, आणि तिथून ते वर एकदा आणि खाली पाण्यात एकदा असे दिसतात. वारा आला की खालचे घोडे हलतात. टाइलवरचं चित्र हलत नाही हे आपल्याला माहीत आहे, तरी हलतं. सकाळचं ऊन पाण्यावर पडून परत भिंतीवर नाचतं आणि ग्लेजवर ते दुप्पट दिसतं. हे सगळं त्या माणसानं नकाशावर आधीच ठरवलं असणार, असं आपोआप होत नाही. अंतर, पाण्याची पातळी, भिंतीचं तोंड, सगळं जुळलं तरच होतं.

दोन्ही बाजूंनी जिने आहेत, ते वर गॅलरीत जातात. गॅलरीच्या दोन्ही टोकांना छोटे मनोरे. वर कोनाड्यांत पोर्तुगालच्या राजांचे अर्धपुतळे ओळीनं, आणि कोनाड्यांच्या आत तांब्याची झाक मारणाऱ्या ग्लेजच्या टाइल्स. ही झाक मी कुठल्याच कॅटलॉगमधे बघितलेली नाही. एका पावलावर तपकिरी दिसते, पुढच्या पावलाला आतून पेटल्यासारखी. तांबट आळीत लहानपणी नवीन घासलेली भांडी बघितलेल्या माणसाला तो रंग लगेच ओळखू येतो. आणि राजे मोजताना एक गोष्ट गाइडनं सांगितली ती मला फार आवडली. त्या साठ वर्षांत स्पेनचे तीन फिलिप इथले राजे होते, त्यांना या ओळीत जागा नाही. बाकी सगळे आहेत. लढाई संपून काहीच वर्षं झालेली, घर बांधणारा त्या लढाईतला सेनापती, आणि त्यानं आपल्या हौदावर बसून इतिहास असा लावला. खाली माझ्या घराण्याचे घोडेस्वार, वर माझ्या देशाचे राजे, आणि परक्यांना कोनाडा नाही. एका शब्दाचा शिलालेख न लावता सांगून टाकलं.

मग व्हीनसच्या बागेकडची ती गारव्याची खोली, कासा दु फ्रेस्कु म्हणतात. माझ्या बायकोचं मत हेच सगळ्यात भारी. आत-बाहेर सगळी भिंत शिंपले, गारगोट्या, काच आणि चिनी मातीच्या फुटक्या भांड्यांच्या तुकड्यांनी मढवलेली. तुकडे म्हणजे कसेही चिकटवलेले नाहीत, बशीचा तळ आला की तो फूल झालाय, कडेचे तुकडे त्याच्या पाकळ्या झालेत. चीनमधून तेव्हा जहाजानं येणारी निळी-पांढरी पोर्सिलीन, आपल्या गोव्यावरून वगैरे जायची ती, तिचे तुकडे. सांगतात असं की घर झालं तेव्हा राज्यकारभार बघणारा राजपुत्र दों पेद्रु इथं जेवायला आला होता, आणि ज्या ताटांत तो जेवला त्यांत परत कुणी जेवू नये म्हणून ती फोडली आणि भिंतीत लावली. खरं-खोटं त्यांनाच ठाऊक, पण आईनं ऐकलं आणि म्हणाली, "फोडली तर फोडली, वाया नाही घालवली बघ." बायको म्हणे, "अहो, आपल्या गोडाऊनमधे किती ब्रेकेज पडलेलं असतं." तिनं बोलून दाखवलं, माझ्या डोक्यात तेच चाललं होतं. आल्यावर आम्ही दुकानाच्या मागच्या भिंतीला तुटक्या पीसचं काम सुरू केलंय, मिस्त्रीला अजून पटलेलं नाही.

त्याच बाजूला एस आकाराच्या वळणांचा एक छोटा हौद आहे, तिथल्या टाइल्स न बघता येऊ नका. वर गच्चीवर विद्या आणि देव, आणि इथं माकडं आणि मांजरं माणसांची कामं करतायत, गाणं शिकतायत, शिकवतायत, हजामत चाललीय. पोरं असतील बरोबर तर त्यांना आधी इकडंच न्या. एकाच घराला एवढा भारदस्तपणा आणि एवढा खट्याळपणा दोन्ही झेपलेत याचं मला फार कौतुक वाटलं, आपण एकदा का "हेरिटेज" म्हटलं की नुसतं गंभीर तोंड करून बसतो.

आत गाइडबरोबरच जावं लागतं आणि फोटो काढू देत नाहीत, ते बरंच आहे, लोक बघतात तरी. लढायांची खोली मोठी आहे, भिंतीच्या खालच्या भागात सगळीकडं स्पेनबरोबरच्या लढायांची टाइल्समधली चित्रं, सैन्याच्या रांगा, पडलेले घोडे, झटापटी. जेवणाच्या खोलीत हॉलंडहून मागवलेल्या टाइल्स आहेत, त्या बाहेरच्या पोर्तुगीज कामाशेजारी ठेवून बघण्यासारख्या, डच ग्लेज जास्त गुळगुळीत, रेघ जास्त नेमकी, पोर्तुगीज हात मोकळा. मला मोकळा हात आवडला. ग्रंथालय पण आहे. गाइड बाई चांगली होती, घाई केली नाही, आईला जिना चढायला वेळ लागला तर थांबली.

आता जे मला जायच्या आधी अजिबात माहीत नव्हतं ते. ही जागा चालवणाऱ्या ट्रस्टच्या नावात फ्रोंतेइरा आणि अलोर्ना अशी दोन घराणी आहेत, १९८९ मध्ये बाराव्या मार्केझनं, फेर्नांदु मस्कारेन्हसनं, हा ट्रस्ट केला. यातलं अलोर्ना म्हणजे आपलं हळर्ण. गोव्यात पेडणे तालुक्यात शापोरा नदीच्या काठावर हळर्णचा किल्ला आहे, तो सावंतवाडीच्या भोसल्यांचा होता. १७४४ ते १७५० गोव्यात व्हाइसरॉय असलेल्या पेद्रु मिगेल द आल्मेदानं तो १७४६ मध्ये घेतला आणि त्या विजयावरून त्याला अलोर्नाचा मार्केझ हा किताब दिला गेला. पुढं लग्नसंबंधातून अलोर्ना आणि फ्रोंतेइरा ही घराणी एकत्र आली. म्हणजे लिस्बनच्या कडेला एका बागेच्या फाटकावर सिंधुदुर्ग-गोव्याच्या सीमेवरच्या एका किल्ल्याचं नाव आहे. आणि आपल्याकडं उलटं, वसई १७३९ ला चिमाजीअप्पांनी घेतली तेव्हाची पोर्तुगीज घंटा पंचवटीत नारोशंकराच्या देवळावर टांगलेली आहे, गोदाघाटावर रोज हजारो लोक तिच्याखालून जातात. त्यांच्याकडं आपला किल्ला नावात, आपल्याकडं त्यांची घंटा देवळावर. भाऊ तिथं इतकी वर्षं राहतो, त्यालाही हे नवीन होतं. गाइडला मी नारोशंकराच्या घंटेबद्दल सांगितलं तर तिनं वहीत लिहून घेतलं.

आणि आता जे बोलल्याशिवाय राहवत नाही. हे घर साडेतीनशे वर्षं उभं आहे त्याचं कारण लोकांना वाटतं की त्यांच्याकडं पैसा. पैसा लागतोच, तिकिटं, कार्यक्रम, ट्रस्ट सगळं त्यासाठीच. पण मी भिंती बघितल्या त्यावरून सांगतो, ते लोक रोज थोडं थोडं करतात. काही ठिकाणी ग्लेजचे टवके उडालेत, काही ठिकाणी खाली ओल चढून खार फुटलाय, पुतळ्यांवर शेवाळ आहे, म्हणजे सगळं चकाचक नाहीये आणि ते मला जास्त खरं वाटलं. पण जिथं टाइल गेली तिथं घाईघाईत कुठलीतरी नवीन दाबून बसवलेली नाही. असल्या जुन्या टाइल्स चुन्यात बसवलेल्या असतात, चुना ओल घेतो आणि सोडतो. त्यावर सिमेंट मारलं की ओल आत अडकते, खार टाइलच्या पाठीशी जमतो आणि ग्लेज ढकलून देतो.

हेच जुन्या नाशकात चाललंय आणि मी रोज बघतो. दगडी जोतं, लाकडी खांब-तुळयांचा सांगाडा, पांढरीच्या मातीच्या भिंती, असा वाडा श्वास घेत असतो. गिऱ्हाईक म्हणतं ओल येते, सिमेंट प्लास्टर मारा, वर टाइल लावा. मारलं की दोन-तीन पावसाळ्यांत आतलं लाकूड कुजतं, आणि मग वाडा पडला की वाडा जुना होता म्हणतात. सरकारवाड्याचे खांब बघा, चांदवडला होळकरांचा रंगमहाल बघा, ते लाकडातलं कोरीवकाम आणि भिंतीवरची चित्रं या फ्रोंतेइराच्या टाइल्सपुढं कुठंच कमी नाहीत, हे मी अभिमानानं नाही, हिशोबानं सांगतोय, दोन्ही डोळ्यांनी जवळून बघून. फरक मटेरियलचा आहे, त्यांचं मातीतलं, आपलं सागातलं. माझ्या दुकानात आता वाड्याचं काम घेऊन कुणी आलं तर मी आधी विचारतो भिंत कशाची आहे, आणि पांढरीची असेल तर टाइल विकत नाही, चुन्याचं काम करणाऱ्याचा नंबर देतो. धंदा थोडा जातो. जाऊ दे.

तुलना विचारणाऱ्यांसाठी, लिस्बनमधेच टाइल्सचं राष्ट्रीय म्युझियम आहे, १५०९ मध्ये राणी लिओनोरनं स्थापन केलेल्या जुन्या कॉन्व्हेंटमधे. तिथं भूकंपाच्या आधीच्या लिस्बनचा तेवीस मीटर लांब टाइल्समधला देखावा आहे, तो बघाच. पण म्युझियममधे टाइल भिंतीवरून उतरून समोर ठेवलेली असते, फ्रोंतेइरात ती ज्या उन्हासाठी, ज्या पाण्यासाठी केली तिथंच आहे. जमलं तर आधी म्युझियम करा, कसं बनतं ते कळेल, मग दुसऱ्या दिवशी इकडं या.

जायचं कसं: मेट्रोच्या निळ्या लाइनवर जार्दिं झुऑलॉजिकु स्टेशनला उतरायचं (प्राणिसंग्रहालयाचं स्टेशन), तिथून पंधरा-वीस मिनिटं चालत. ज्येष्ठ माणसं असतील तर स्टेशनवरून टॅक्सी करा, रस्ता तसा रुक्ष आहे, बघण्यासारखं काही नाही. आतली टूर सकाळीच असते आणि आत घराण्यातली माणसं राहत असल्यानं वेळा बदलू शकतात म्हणून आधी त्यांच्या वेबसाइटवर बघून बुक करून जा, आणि रविवारचा प्लॅन करू नका. बागेचं तिकीट वेगळं घेता येतं, पण आत आणि बाग दोन्ही घ्या. टूर संपल्यावर लोक हौदाकडं फोटो काढून निघून जातात, तुम्ही उलटं करा, आधी गच्ची, मग फुटक्या भांड्यांची खोली, मग माकडं, आणि हौद शेवटी ठेवा म्हणजे तिथं निवांत बसता येतं. गॅलरीत जाणारे जिने दगडी आहेत, आई-वडिलांचे गुडघे दुखत असतील तर त्यांना खाली काठावर बसवा, घोडेस्वार तिथूनच जास्त चांगले दिसतात, वरचे राजे तुम्ही जाऊन बघून या. उन्हाळ्यात गेलात तर टोपी आणि पाण्याची बाटली न्या, खालच्या बागेत सावली कमी आहे. खाण्यापिण्याचं बाहेर बघावं लागतं, आम्ही घरून दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी नेली होती, बाहेर येऊन फाटकासमोरच्या झाडाखाली खाल्ली.